पान कुणाचं, किंमत कुणाची?

एकट्यानं पत्ते खेळणाऱ्या माणसाला फसवणूक करता येते का?

प्रश्न दिसतो तितका फालतू नाही. आधीच्या पिढीत दुपारी 'पेशन्स' लावत बसणारं कुणीतरी बऱ्याच घरांत असायचं. डाव अडला की हळूच खालचं पान वर घ्यायचं आणि कुणी बघितलं तर हसायचं. यात कुणी हरलेलं नसतं, कुणी लुबाडलं गेलेलं नसतं. तरी त्या हसण्यात थोडा ओशाळेपणा असतो. तो नेमका कुणासमोर?

गेले काही महिने मी एक खेळ एकटीनं खेळत होते आणि त्यातले मोठे निर्णय टॅरोच्या पानांवर सोपवत होते. तेव्हा हा प्रश्न माझ्यापुढे नीट उभा राहिला. सुरुवातीला तो फसवणुकीबद्दल वाटला होता. पुढे कळलं की तो जबाबदारीबद्दल आहे.

खेळाचं नाव 'आर्कम हॉरर: द कार्ड गेम'. नेट फ्रेंच आणि मॅथ्यू न्यूमन यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतल्या फँटसी फ्लाइट गेम्सनं २०१६ साली काढला. एच. पी. लव्हक्राफ्ट या लेखकानं कल्पनेतून वसवलेलं आर्कम नावाचं मॅसॅच्युसेट्समधलं गाव, १९२०चं दशक, गावात चोरून चाललेला एक पंथ आणि आपल्या जगात शिरू पाहणारं काहीतरी भयंकर. आपण तपास करणारे. यात खेळाडू एकमेकांविरुद्ध नसतात, सगळे मिळून खेळाविरुद्ध असतात. त्यामुळे तो एकट्यालाही खेळता येतो. समोर माणूस लागतच नाही, समोर असतात पानांच्या गड्ड्या आणि टोकनांची एक पिशवी.

ही पिशवी म्हणजे खेळाचं काळीज. कुलूप तोडायचंय, राक्षसावर गोळी झाडायचीय, पुरावा शोधायचाय, की पिशवीत हात घालून एक टोकन काढायचं. पहिल्या मोहिमेत साधारण पातळीवर तिच्यात १६ टोकनं असतात. +१ पासून −४ पर्यंत आकडे, काही चिन्हं, आणि एक असं, की ते आलं की तुमची तयारी कितीही असो, तुम्ही हरलात. १६त एकदा.

खेळ मोहिमेच्या रूपात चालतो. मूळ पेटीतल्या मोहिमेचे तीन भाग आहेत आणि एका भागात जे घडलं ते पुढच्या भागात सोबत येतं. हरलात तरी गोष्ट बहुतेक वेळा थांबत नाही, तुम्ही जखम घेऊन पुढे जाता. मध्ये मध्ये पुस्तिका तुम्हाला निर्णय विचारते. हे निर्णय टोकनांचे नसतात, माणसाचे असतात. (पुढे या मोहिमेचा शेवट येणार आहे. खेळ अजून खेळायचा असेल तर लेख जपून ठेवा, खेळून झाल्यावर वाचा.)

चार जण खेळत असले तर अशा वेळी टेबलावर वाद होतो. कुणीतरी म्हणतं, "ए, असं नको ना करूया." एकटं खेळताना हे 'नको ना' म्हणणारं कुणी नसतं. आपलाच ठराव, आपलंच अनुमोदन. म्हणून मी टॅरोची गड्डी शेजारी ठेवली आणि तीन नियम केले. निर्णय आला की एकच पान ओढायचं, पुन्हा ओढायचं नाही. पान उलटं आलं तर त्यावर जे दिसतंय ते सोडायचं. आणि पानाचा मला लागलेला अर्थ वहीत लिहायचा, मगच निर्णय घ्यायचा.

या खेळाच्या 'रिटर्न टू द सर्कल अनडन' या विस्तारात कंपनीनं स्वतःची २२ टॅरो पानं दिली आहेत. पान सुलटं आलं तर मदत, उलटं आलं तर अडचण, आणि ती काय हे पानावरच छापलेलं. ती मी मुद्दाम घेतली नाहीत. मी नेहमीची ७८ पानांची गड्डी घेतली, ज्यात नुसती चित्रं असतात. छापील सूचना वाचायला डोळे पुरतात. चित्र वाचायला वाचणारी लागते. मला ती वाचणारी बघायची होती.

टॅरो आधी खेळच होता

'टॅरो म्हणजे भविष्य' हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. इन्स्टाग्रामवर 'आज हे रील तुमच्यासमोर आलं, याला कारण आहे' असं सांगणाऱ्या ताई दिसतात, त्यामुळे तर जास्तच. पण टॅरोची पानं पंधराव्या शतकात उत्तर इटलीत आली ती पत्ते खेळण्यासाठी. आपल्या बदामसातला हुकूम नसतो, पण मेंढीकोटला असतो ना, तसा या खेळात कायमचा हुकूम होता. 'सूर्य', 'चंद्र', 'मृत्यू', 'मनोरा' ही २१ पानं म्हणजे तो हुकूम, आणि शिवाय एक 'मूर्ख'. 'लटकलेला माणूस' हे गूढ पान म्हणजे खेळणाऱ्यांच्या लेखी बाराव्या क्रमांकाचा हुकूम. त्यानं अकरावा मारता यायचा, बस. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात हे खेळ आजही खेळले जातात.

भविष्य आलं ते बऱ्याच नंतर. १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकानं जाहीर केलं की या पानांत प्राचीन इजिप्तचं ज्ञान दडलंय. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती, तिचं कोडं शाँपोलियोंनं १८२२ साली सोडवलं. म्हणजे ज्यांचं एक अक्षरही वाचता येत नाही अशा लोकांच्या नावावर अर्थ खपवणं सोपं होतं. आज सगळीकडे दिसतात ती पानं १९०९ साली पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं आर्थर एडवर्ड वेट यांच्यासाठी काढली.

टॅरोचा हा पत्त्यांचा इतिहास नीट मांडणारा माणूस एक तत्त्वज्ञ होता. मायकेल डमेट, ऑक्सफर्डमध्ये तर्कशास्त्राचे प्राध्यापक. १९८० साली त्यांनी 'द गेम ऑफ टॅरो' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याआधी, १९६४ साली, त्यांनी एका निबंधात दैववादावर विचार केला होता. त्यातलं उदाहरण असं. दुसऱ्या महायुद्धातलं लंडन, हवाई हल्ल्याचा भोंगा वाजलाय. दैववादी म्हणतो, तू आज मरणार तरी आहेस किंवा मरणार तरी नाहीस. मरणार असशील तर खबरदारी फुकट गेली. मरणार नसशील तर खबरदारीची गरजच नव्हती. मग तळघरात कशाला जातोस?

ऐकायला बिनतोड. ग्रीकांनी या युक्तिवादाला 'आळशी युक्तिवाद' म्हटलं होतं. आपल्याकडे याचं एका ओळीतलं रूप आहे: असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी. गोची कुठे आहे? 'तू वाचणार आहेस' एवढ्यावरून 'तळघरात न जाताही वाचशील' असं निघत नाही. कदाचित तू तळघरात जाणार आहेस म्हणूनच वाचणार असशील. काय होणार हे ठरलेलं असलं, तरी त्यात तुझ्या करण्याचा वाटा असू शकतो.

पानं ओढताना मला याचा उपयोग झाला. पिशवीतलं टोकन आणि टॅरोचं पान, दोन्ही नशिबानं हातात येतात. पण टोकनावर −४ लिहिलेलं असतं, तिथे विषय संपतो. पानावर चित्र असतं, तिथे विषय सुरू होतो. नशिबानं पान दिलं एवढंच. त्याचा अर्थ नशीब लावत नाही.

घर जाळायचं की नाही

मी रोलंड बँक्स या सरकारी तपासनिसाला घेऊन खेळत होते. शरीरानं तगडा, मनानं हळवा: त्याच्या नऊ जखमा सोसण्याची ताकद आहे, पण मनावरचे आघात फक्त पाच. पहिल्या भागात त्याच्या स्वतःच्याच घराच्या तळघरातून भयानक जीव वर येतात. शेवटी लिटा चँटलर नावाची लाल केसांची बाई त्याला सांगते, हे घर जाळून टाक. ती खरं बोलते की खोटं, कळायला मार्ग नाही. जाळलं तर मनावर कायमचा एक ओरखडा, म्हणजे पुढच्या प्रत्येक भागाची सुरुवात पाचातला एक गमावून. पण लिटा सोबत येते. नाही जाळलं तर घर राहतं, ती जाते.

मी ओढलेलं पान होतं चषकांचं सहावं, आणि ते उलटं आलं. या पानावर एक जुनं अंगण आहे. एक मुलगा लहान मुलीला फुलांनी भरलेला चषक देतोय. बालपण, आठवणी, घर. उलटं, म्हणजे सोडायचं. मी वहीत लिहिलं, "अंगण सोड." घर जाळलं.

मला ते जाळायचं नव्हतं. खेळातली रणनीती म्हणूनही नाही आणि गोष्ट म्हणूनही नाही. पुन्हा पान ओढण्याची इच्छा जबरदस्त होती. थांबवायला कुणी नव्हतं. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञानं १९७८ साली 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली होती. तिचा मथितार्थ असा, की खेळणं म्हणजे गरज नसलेले अडथळे आपणहून स्वीकारून ते ओलांडायचा प्रयत्न करणं. अडथळा काढून टाकला तर तुम्ही जिंकत नाही, तुम्ही खेळणंच बंद केलेलं असतं. पेशन्समधला तो ओशाळेपणा मला इथे समजला. खालचं पान वर घेणारा दुसऱ्या कुणाला फसवत नाही. तो डाव सोडून उठलेला असतो, फक्त खुर्चीत बसून.

म्हणून पान तेच ठेवलं. आणि एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नव्हती, पुढे आली. त्या वाचनाची किंमत रोलंडनं, म्हणजे मीच, भरली होती.

लटकलेला माणूस

तिसऱ्या भागात, जंगलात, पंथाचा विधी मला वेळेत थांबवता आला नाही. उमोर्डोथ नावाचं जुनं, प्रचंड काहीतरी जागं झालं. त्याच्याशी लढून जिंकण्याची आशा एकट्या रोलंडला फारशी नव्हती. पण उमोर्डोथच्या पानावरच एक पळवाट छापलेली आहे. लिटा तुमच्यासोबत असेल तर तिला त्याच्यापुढे टाका. त्याची भूक भागते. गाव वाचतं, मोहीम संपते.

लिटा सोबत होती. तिच्यासाठी तर घर जाळलं होतं.

नियमाप्रमाणे मी पान ओढलं. लटकलेला माणूस, सुलटा. म्हणजे तो जसा असतो तसा, एका पायावर उलटा टांगलेला. टॅरोच्या कुठल्याही पुस्तकात या पानाखाली पहिल्या दोन-तीन शब्दांत सापडणारा शब्द आहे 'त्याग'. बलिदान. मोठ्या गोष्टीसाठी काहीतरी सोडणं.

यापेक्षा स्पष्ट पान काय येणार? एका बाजूला सबंध गाव, दुसऱ्या बाजूला एक बाई. पुढ्यात पान, त्यावर बलिदान. शिवाय नियम माझाच, की पान पाळायचं. हात जवळजवळ लिटाच्या कार्डाकडे गेला होता.

मग मी वहीत लिहिण्यासाठी चित्र नीट पाहिलं. माणूस ज्या खांबाला टांगलाय तो वाळलेला नाही, त्याला पालवी आहे. त्याच्या डोक्याभोवती तेजोवलय आहे. चेहरा शांत आहे. आणि चित्रात दुसरं कुणीच नाही. त्याला टांगणारा नाही, बघणारा नाही, त्याच्या टांगण्यानं सुटलेलाही कुणी नाही. हे त्यागाचं चित्र असेल, तर ज्याचा त्याग आहे तोच माणूस चित्रात आहे. दुसऱ्याला ढकलून देण्याचं हे चित्र नाही.

वहीत लिहिलं, "टांगून घ्यायचं ते स्वतःला." लिटाला मागे ठेवलं, रोलंडला पुढे केलं, पिशवीत हात घातला. काही टोकनं चांगली आली, बरीच वाईट. रोलंड पडला. मोहीम हरले. पुस्तिकेच्या हिशेबानं जगाचं काही खरं राहिलं नाही.

हिशेब करणारा मित्र विचारेल, एका बाईसाठी सगळं गाव घालवलंस? प्रश्न रास्त आहे, आणि लिटाला देणं चूकच ठरलं असतं असं सिद्ध करणारा युक्तिवाद माझ्याकडे नाही. गाव वाचवण्यासाठी एकाला द्यावं का, यावर तत्त्वज्ञ वर्षानुवर्षं भांडतायत. पण एवढं मला पक्कं दिसतं. मी लिटाला दिलं असतं, तर 'मी दिलं' असं म्हणायला हवं होतं. गाव महत्त्वाचं वाटलं, म्हणून मी दिलं. 'पान तसं आलं' असं म्हणण्याचा हक्क मला नव्हता. तसंच गाव गेलं तेही पानामुळे नाही, माझ्यामुळे गेलं. पानात दोन्ही अर्थ बसत होते. एका अर्थाची किंमत मी भरणार होते, दुसऱ्याची लिटा. आणि ज्याची किंमत लिटा भरणार होती, तोच अर्थ मला आधी सुचला, तोच मला 'स्पष्ट' वाटला.

हे आपल्याला नवीन नाही. कुरुसभेत फासे पडले ते शकुनीच्या हातून, पण पणाला काय लावायचं हे फाशांनी सांगितलं नव्हतं. ते युधिष्ठिरानं ठरवलं. म्हणूनच सभेत द्रौपदीचा प्रश्न फाशांबद्दल नाही. ती विचारते, धर्मराज आधी स्वतःला हरले होते की आधी मला? जो स्वतःचाच उरला नव्हता, त्यानं मला पणाला लावलं कसं? नशिबाचा डाव मान्य आहे, पण त्यात माझी किंमत लावणारा तू कोण, असा तो प्रश्न. भीष्मांनाही त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही.

पुठ्ठ्याची बाई

दोन आक्षेप आत्तापर्यंत तुमच्या मनात आले असतील.

पहिला: लिटा पुठ्ठ्याची आहे. खरंय. तिला वाचवून मी कुणाचंही भलं केलेलं नाही, आणि दिलं असतं तरी मला कुणी दोष देऊ नये. पण पुठ्ठ्याच्या डावात पुठ्ठा नसलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे वाचणाऱ्या माणसाची सवय. अर्थ लावताना मन कुठल्या बाजूला घसरतं हे खऱ्या आयुष्यात दिसत नाही, कारण तिथे घाई असते, नाती असतात, लोक काय म्हणतील हे असतं. इथे घाई नव्हती, बघणारं कुणी नव्हतं, आणि वहीत तारीख टाकून लिहिलेलं होतं. मन घसरताना मी स्वच्छ पाहिलं.

दुसरा: टॅरो म्हणजे शेवटी अंधश्रद्धाच ना? पानाला भविष्य कळतं असं मानलं तर, हो. मी तसं मानत नाही. पिसलेल्या गड्डीतून एक पान येतं, त्यामागे पिसण्याखेरीज काही नाही. पण एवढं म्हणून विषय संपत नाही. ज्यांचा पूर्ण विश्वास असतो त्यांनाही अर्थ लावावाच लागतो. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, एवढंच देव सांगतो. प्रश्न काय विचारायचा आणि कसा विचारायचा, हे माणसंच ठरवतात. निवडणुकीच्या निकालालाही आपण 'जनतेचा कौल' म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक पक्ष त्याचा वेगळा अर्थ लावतो. तेव्हा श्रद्धा असो वा नसो, प्रश्न उरतोच: अर्थ लावला कुणी, आणि तो भरणार कोण?

आता पुठ्ठा बाजूला ठेवू.

माझ्या एका मावसबहिणीचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. दोघं भेटली होती, बोलत होती, एकमेकांना आवडली होती. मग पत्रिका मागवली गेली. तिला मंगळ निघाला. मुलाकडच्यांचा फोन आला, भाषा अतिशय सभ्य होती. "आमचं काही नाही हो, पण पत्रिकेतच तसं आलंय."

लग्नकुंडलीत मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की मंगळ आहे असं साधारणपणे धरतात. बारा घरांपैकी पाच. मंगळ कुठल्याही घरात सारख्याच शक्यतेनं पडतो असं ढोबळपणे धरलं, तर शंभरातल्या चाळीसहून जास्त माणसांना मंगळ असणार. खेळातल्या पिशवीत हमखास हरवणारं टोकन १६त एक असतं. इथे १२त पाच आहेत. एवढ्या लोकांची लग्नं अडकून राहिली तर समाज चालणार नाही, म्हणून ज्योतिषातच अपवादही सांगितलेले आहेत. मंगळ अमुक राशीत असेल तर दोष नाही, गुरूची दृष्टी असेल तर नाही, दोघांनाही असेल तर नाही.

म्हणजे पत्रिका हे चित्र आहे, टोकन नाही. त्यात 'नको' सापडतं आणि 'चालेल'ही सापडतं. स्थळ फार मनात भरलेलं असलं की अपवाद शोधणारे गुरुजी गाठले जातात. मनात नसलं की पहिल्याच वाचनावर काम भागतं. दोन्ही वेळा वाक्य एकच असतं: पत्रिकेतच तसं आलंय. निर्णय माणसांनी घेतलेला असतो आणि तोंड ग्रहाचं वापरलेलं असतं. 'आम्हाला नको' म्हणण्यात निदान जबाबदारी आहे. त्यावर भांडता येतं, रागावता येतं. ग्रहावर कोण आणि कसं रागावणार? माझी बहीण रागावली नाही. तिनं काही दिवस आरशात स्वतःकडे बघताना विचारलं, "माझ्यातच काही आहे का गं?"

त्या वाचनाची किंमत तिनं भरली. मुलाकडच्यांना एक अवघड फोन करावा लागला, इतकंच. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द ज्यांनी बनवला त्यांनाही त्याची किंमत मोजावी लागली नव्हती. नवऱ्याचा मृत्यू हे नशिबाचं पान होतं. तो तिच्या पायामुळे आला, हा अर्थ लोकांनी लावला, आणि तो तिनं जन्मभर भरला. 'नशिबात होतं' हे वाक्य स्वतःच्या दुःखाबद्दल म्हटलं तर त्यात धीर असतो. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल म्हटलं की बहुतेक वेळा आपली सुटका असते.

त्यामुळे पानं ओढूच नयेत असं मला म्हणायचं नाही. आयुष्यात आपण न मागता पानं येतातच: जन्म कुठे झाला, कुठल्या वर्षी पदवी मिळाली, कुणाच्या घरी आजारपण आलं. अर्थही लावावे लागतात, नाहीतर जगता येणार नाही. मी माझ्या वहीत फक्त चौथा नियम वाढवलाय. पानाचा जो अर्थ मला सोयीचा आहे आणि ज्याची किंमत दुसरं कुणी भरणार आहे, तो लिहिण्याआधी गड्डी बाजूला ठेवायची आणि पान आलंच नसतं तर मी काय केलं असतं, ते आधी लिहायचं. दोन्ही उत्तरं सारखी आली तर निर्णय माझा आहे, पानाचं नाव घ्यायचं नाही. वेगळी आली तर ज्याला किंमत भरायचीय त्याला आधी विचारायचं.

लिटाला विचारता येत नाही, ती पुठ्ठ्याची आहे. माझ्या बहिणीला विचारता आलं असतं. ती फोनपासून दोन हातांवर बसली होती.